चैत्यभूमीसमोरचे पाणी



गेल्या ६ डिसेंबरला नांदेडहून विशेष गाडीने आम्ही चैत्यभूमीला गेलो तेव्हा आमच्या वस्तीतली पंधरा-सोळा घरे सोबत होती. धपाटे, तिळाची चटणी, सतरंज्या, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, लेकरांचे स्वेटर असा नेहमीचा लवाजमा. शिवाजी पार्कातून रांग सरकत सरकत अभिवादन झाले तोवर उजाडले होते. मग जो तो मागे चौपाटीवर जाऊन उभा राहिला. आपल्या मराठवाड्यातल्या कष्टकरी माणसाने आयुष्यात समुद्र पाहिला असेल तर बहुतेक तो इथेच पाहिलेला असतो. ७ डिसेंबर १९५६ ला ज्या वाळूवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला, त्या वाळूवरूनच आपण समुद्र बघतो. पाय भिजवतो, बाटलीत थोडे पाणी भरून घेतो, आणि पुस्तकांच्या दुकानांकडे वळतो.

आमच्यासोबत नववीतली एक मुलगी होती. तिचे वडील मोंढ्यात हमाल आहेत, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी पाण्याकडे निघाली तशी आईने तिचे मनगट धरले, ते सोडलेच नाही. "पाण्याजवळ जाऊ नगं, वढून न्हेतंय," एवढे एकच वाक्य ती माउली म्हणत होती. लाट पायाला लागली की दोघी मागे, लाट गेली की मुलगी दोन पावले पुढे आणि आई तिच्या मागे ओढली जाणारी. बराच वेळ हा खेळ चालला. बघणाऱ्याला हसू यावे असा होता, पण आम्हाला आले नाही. का आले नाही ते पुढे सांगतो.

परतीच्या गाडीत पोरगी म्हणाली, "काका, ते पाणी कुठपर्यंत हाय?"

आम्ही सांगितले, चैत्यभूमीकडे पाठ करून समुद्राकडे तोंड केलेस तर उजव्या हाताला गुजरात, द्वारकेपर्यंत. डाव्या हाताला कोकण, गोवा, कारवार, केरळ, आणि शेवटी कन्याकुमारी. आणि मुंबईचा एक तरुण हे सगळे अंतर एका चिंचोळ्या होडीत बसून, हाताने वल्हे मारत गेलेला आहे.

डब्यात क्षणभर शांतता झाली. मग मुलीची आई म्हणाली, "येडं हाय का काय ते?"

या स्तंभात आम्ही आजवर शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणी, हुंडा, दारू, वर्षावास असल्याच विषयांवर लिहीत आलो. होडीवर लिहू असे कधी वाटले नव्हते. पण त्या दिवशी नांदेड येईपर्यंत डब्यात हाच विषय चालला, म्हणून तो वाचकांपुढे ठेवतो.

त्या तरुणाचे नाव कौस्तुभ खाडे. दिल्लीच्या आयआयटीतून शिकलेला अभियंता. त्याने आधी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा हे सुमारे चारशे किलोमीटरचे अंतर सतरा दिवसांत एकट्याने पार केले. लिम्का बुकात त्याची नोंद झाली. तेवढ्यावर न थांबता २०१६ च्या नोव्हेंबरात, म्हणजे आपण सगळे नोटा बदलायला बँकेपुढे रांगेत उभे होतो त्या दिवसांत, तो द्वारकेहून निघाला आणि २०१७ च्या फेब्रुवारीत कन्याकुमारीला पोचला. तीन हजार किलोमीटर, चौऱ्याऐंशी दिवस. भागाकार करून पाहा, रोजचे सरासरी पस्तीस-छत्तीस किलोमीटर होतात, आणि त्यात विश्रांतीचे दिवसही धरलेले आहेत. आपल्याकडच्या हिशोबाने जवळपास नांदेडहून लोह्याला जावे इतके, रोज, आणि तेही हाताने.

ती होडी म्हणजे कयाक. उस्मानशाही मिलमध्ये ज्यांनी दिवस काढले त्या म्हाताऱ्यांना मागावरचा धोटा आठवत असेल. दोन्हीकडे टोक, मधे पोट. कयाक तशीच असते, फक्त लांबीला पाच मीटरच्या आसपास आणि रुंदीला दोन फुटांच्याही आत. मधल्या भोकात माणूस पाय लांब करून बसतो. कमरेभोवती एक पडदा घट्ट लावतात म्हणजे लाटेचे पाणी आत शिरत नाही. पुढच्या-मागच्या बंद कप्प्यांत कपडे, खाणे, औषधे आणि पिण्याचे पाणी. हातात एकच लांब दांडा, त्याला दोन्ही टोकांना पाते. एकदा उजवीकडे ओढायचे, एकदा डावीकडे. इंजिन नाही, शीड नाही. होडी उलटली तर आतल्या आत कमरेला हिसका देऊन, वल्ह्याच्या आधाराने पुन्हा सुलटी व्हायची युक्ती शिकावी लागते. ती शिकल्याशिवाय शहाणा माणूस अंगावर जीवरक्षक जाकीट असले तरी समुद्रात जात नाही. ही होडी मूळची बर्फाळ उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. त्यांच्याकडे झाडे नाहीत. वाहून आलेले लाकूड आणि हाडे यांचा सांगाडा करायचा, वरून सीलचे कातडे शिवायचे आणि शिकारीला जायचे. कातडे कमावून, शिवून, त्यात बसून समुद्र जिंकणारी ती माणसे. कातड्याला हात लावला म्हणून त्यांना कोणी गावकुसाबाहेर घातले नाही, एवढे आपले आम्हाला सुचले.

असा प्रवास नुसत्या दंडाच्या बळावर होत नाही. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. दोन गुणांसाठी पाठ केले आणि विसरून गेलो. होडीवाल्याचे पोट त्यावर चालते. रात्रीतून जमीन थंड होते, पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि पाणी पुष्कळसे शांत असते. दुपारी जमीन तापली की वारा उलटतो, समुद्रावरून जमिनीकडे येतो आणि लाटा उठवतो. म्हणून पहाटेच निघायचे आणि दुपारच्या आत जमेल तेवढे अंतर तोडायचे. त्यात दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना आत शिरू म्हटले तर माणूस वल्हे मारून थकतो आणि होडी जागच्या जागी. गुजरातेत खंभातच्या आखातात तर भरती-ओहोटीच्या पाण्यात सुमारे तीन मजल्यांचा फरक पडतो. आणि पावसाळ्यात हे सगळेच बंद. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा समुद्र खवळलेला असतो, कोळीबांधवही होड्या वर ओढून ठेवतात.

या मोहिमेतली एक गोष्ट डब्यातल्या बायकांना जास्त भावली. खाडे पाण्यातून जात होता तेव्हा शांजली शाही नावाची तरुणी किनाऱ्याच्या रस्त्याने सायकलवर चालली होती. द्वारका ते कन्याकुमारी, सायकल! पेपरात फोटो होडीवाल्याचा मोठा येतो. पण दिवसभर पायडल मारणे, खाड्यांना वळसे घालणे, संध्याकाळी तो कुठल्या गावाला लागणार तिथे पोचणे, हेही कमी नव्हे. आमची ती पोरगी लगेच म्हणाली, "म्हंजे बाईबी व्हती." आई काही बोलली नाही.

आता कोकणच्या त्या किनाऱ्याची आपल्याशी असलेली ओळख सांगतो, कारण त्यासाठीच आम्ही हा विषय डब्यात लांबवला. मुंबईहून दक्षिणेला निघालेली होडी अलिबाग, मुरूड-जंजिरा, श्रीवर्धन असे करत हरिहरेश्वरला येते. तिथे सावित्री नदी समुद्राला मिळते. तिची ती बाणकोटची खाडी. पलीकडच्या अंगाला मंडणगड तालुका लागतो, आणि त्या तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. खाडीतून आत आत गेले की दासगाव बंदर. दासगावापासून पाच मैलांवर महाड.

चवदार तळ्याच्या पहिल्या परिषदेची तारीख, २० मार्च १९२७, आपल्या घरातले लेकरूही सांगते. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब कसे गेले, हे कितीजणांना ठाऊक आहे? मुंबईहून धरमतरला बोटीने आणि तिथून महाडला मोटारीने अशी नेहमीची वाट होती. मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर माणसे अडकून पडतील, म्हणून ती वाट सोडली. २४ डिसेंबर १९२७ ला 'पद्मावती' बोटीने बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे लोक मुंबईहून निघाले, समुद्राने बाणकोटकडे आणि खाडीने दासगावला २५ तारखेला उतरले. पुढचे पाच मैल पायी. महाडात परिषदेला कोणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. दुकानदार माल देणार नाहीत म्हणून शिधा आधीच साठवलेला. त्याच रात्री मनुस्मृती जळाली.

पाण्याच्या हक्कासाठी निघालेल्या माणसांना जमिनीवरचा रस्ता खात्रीचा वाटला नाही आणि समुद्राचा वाटला, हे आम्ही बोललो तेव्हा समोरच्या बाकावरचे एक वृद्ध उपासक, रेल्वेत गँगमन म्हणून निवृत्त झालेले, सावरून बसले. 'पद्मावती' ही आगबोट होती, वल्ह्याची होडी नव्हे, हे खरे. पण ज्या पाण्यावरून ती गेली त्याच पाण्यावरून ही कयाक गेली. तळ्याचा निकाल लागायला पुढे दहा वर्षे गेली. मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूने दिला.

तेच गँगमन काका मग म्हणाले, "सर, सगळं खरं. पण समाजापुढं नोकऱ्याचा प्रश्न, घराचा प्रश्न, अन्यायाचे गुन्हे नोंदवून घेत न्हाईत तो प्रश्न. होड्या हाकणं हे पोट भरलेल्यांचे छंद. आपल्या पोरीला कामून सांगूलालाव?"

प्रश्न रास्त होता. कयाक स्वस्त नसते आणि चौऱ्याऐंशी दिवस कामावर न जाणे हमालाच्या पोराला परवडत नाही. आणखी एक गोष्ट आम्हीच कबूल केली. रोज पहाटे समुद्रात जाणारा कोळी आयुष्यात किती हजार किलोमीटर पाणी तोडतो त्याची नोंद कुठल्याच बुकात होत नाही. त्याचे ते काम, दुसऱ्याचा तो पराक्रम.

पण काकांना आम्ही ऑस्कर स्पेक या जर्मन माणसाची गोष्टही सांगितली. हा इलेक्ट्रिशियन होता. मंदीत काम गेले, बेकार झाला. १९३२ साली तो घडीच्या कयाकमध्ये बसून डॅन्यूब नदीत निघाला. मनात होते सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळते का पाहू. तो पुढे जातच राहिला. युफ्रेटिस नदी, इराणचे आखात, मग हिंदुस्थानचा किनारा, लंका, ब्रह्मदेश, जावा, न्यू गिनी. १९३९ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या एका बेटावर पोचला तेव्हा महायुद्ध सुरू झालेले. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पोलिसांनी धरला आणि युद्ध संपेपर्यंत छावणीत डांबला. सात वर्षे, पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास. त्याच्या होडीवर हिटलरच्या जर्मनीचे निशाण फडकत होते, तेव्हा त्याची आरती ओवाळायचे आम्हाला कारण नाही. १९३५ च्या सुमारास तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेला. त्याच वर्षी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. गोऱ्या माणसाने किनाऱ्यावर पाणी मागितले तर त्याला कोणी कुठल्या विहिरीचे म्हणून विचारले नसावे. सांगायचे ते इतकेच की तो पैसेवाला नव्हता, बेकार कामगार होता. अलीकडे सँडी रॉबसन या ऑस्ट्रेलियन बाईने २०११ ते २०१६ अशी टप्प्याटप्प्याने त्याचीच वाट पुन्हा कयाकने पुरी केली.

स्पेकला पोहता येत नव्हते असे सांगतात. गँगमन काकांनी नेमके तेवढेच उचलले. "मग आपल्यावानीच की," म्हणाले. सगळे हसले.

हसणे थांबल्यावर आम्ही विचारले, या डब्यात पोहता कोणाकोणाला येते? मोठी माणसे साठ-सत्तर असतील. हात वर आले तीन. त्यांतला एक धर्माबादकडचा, लहानपणी गोदावरीत शिकलेला. आमचा स्वतःचा हात खालीच होता.

वाचकहो, हे असे का? आमच्या गावी आमचे वडील सालगडी होते. मालकाच्या मळ्यात मोठी बांधीव विहीर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मालकाची आणि भावकीची पोरे पाठीला कोरडा भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधून उड्या मारायची. आम्ही थारोळ्यावर बसून बघायचो. आम्हाला कोणी मारले नाही, शिवीही दिली नाही. फक्त वडिलांनी बजावले होते, आत उतरायचे नाही. ही गोष्ट १९२७ ची नाही, १९८८-८९ ची आहे. आणि त्याच विहिरीचे पाणी मे महिन्यात आटले की गाळ काढायला दोर धरून कोण उतरायचे? आमचे वडील आणि चुलते. विहीर कोरडी असली की आपल्या पायांनी बाटत नव्हती. झरा लागून पाणी भरले की बाटत होती. गाळात कमरेपर्यंत उभे राहून ज्यांनी विहिरी मोकळ्या केल्या त्यांना त्या विहिरीत पोहता आले नाही, आणि आपल्या लेकरांना पोहायला शिकवताही आले नाही. वरच्या जातींना शास्त्राने सिंधुबंदी केली होती, समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त. ती त्यांनी कधीच मोडून टाकली, पोरे अमेरिकेत आहेत. आपली बंदी पाणवठ्याची होती. ती कायद्याने गेली, पण अंगातून गेली नाही. पाणी दिसले की आपली आई लेकराचे मनगट धरते, ते उगीच नाही.

चौपाटीवर आम्हाला हसू का आले नाही त्याचे दुसरे कारण आता सांगतो. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या वस्तीतली तीन पोरे दुपारी गोदावरीत उतरली. वाळू उपसून नदीत जागोजागी खड्डे झालेले आहेत, वरून पाणी गुडघाभर दिसते आणि पुढच्या पावलाला पुरुषभर. दोघे हाताला लागले. तिसरा, दहावी पास झालेला, आयटीआयचा फॉर्म आणून ठेवलेला, सापडला तो संध्याकाळी. भोई समाजाच्या दोघांनी बुड्या मारून काढला. आम्ही शंभरएक माणसे घाटावर उभी होतो आणि पाण्यात उतरू शकेल असा आमच्यात एकही नव्हता. तो पोरगा या मुलीचा मामेभाऊ. मुलीच्या आईने भाच्याला घाटाच्या पायरीवर ठेवलेले पाहिले आहे.

पाण्याची अडचण मराठवाड्याला दोन्हीकडून आहे. आमची बहीण लातूरला दिलेली आहे. २०१६ च्या मार्चमध्ये तिथे टाक्यांजवळ गर्दी नको म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दोन दिवसांनी भीमजयंती होती. त्या जयंतीला बहिणीने पाहुण्यांना जेवायला बोलावले, पण येताना कॅनमध्ये पाणी आणा असा निरोप दिला, आणि निरोप देताना फोनवर रडली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात खाडे द्वारकेहून निघाला. ज्यांच्या घरात पाणी हंड्याने मोजून वापरतात त्यांना पोहायला शिका म्हणणे थट्टेसारखे वाटेल. पण बुडून मरणारी पोरे याच घरांतली आहेत. दुष्काळात वाढलेल्या पोराला पाण्याची ओळख नसते, आणि पाऊस झाला, धरण भरले की तेच पोर पहिल्यांदा उतरते.

नांदेडला उतरल्यावर आम्ही दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर विहारात हा विषय काढला. ठराव वगैरे काही नाही, चार माणसांशी बोललो. शहरातल्या एका जलतरण तलावावर शिकवणी आहे, मुलींना शिकवायला बाई आहेत. मुलगी तयार होती. वडील म्हणाले, "तिच्या आईला इचारा." आई म्हणाली, "मव्हा भाऊ आजून जेवत न्हाई नीट. मला इचारू नगा."

आम्ही पुन्हा विचारले नाही. अशा बाबतीत व्याख्यान देणारा कार्यकर्ता उपयोगाचा नसतो, हे वीस वर्षांत शिकलो आहे. महिन्याभराने त्या स्वतःच आमच्या घरी आल्या, आमच्या सौभाग्यवतींकडे. प्रश्न कपड्यांचा होता. "ते तोकडं घालावं लागतंय का?" सौभाग्यवती त्यांना घेऊन तलावावर गेल्या. शिकवणाऱ्या बाईंनी पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा पोशाख चालतो असे सांगितले. तो पोशाख आणि फी मिळून दोन हजारांच्या आत बसले. निम्मे वडिलांनी दिले, निम्मे विहाराच्या शिक्षण पेटीतून. पेटीतून द्यायला दोघांनी हरकत घेतली, ही पेटी पुस्तकांसाठी आहे म्हणून. हरकतीची नोंद केली आणि पैसे दिले.

पहिल्या दिवशी तलावावर आलेल्या एका बाईने मुलीला विचारले, कुठली ग तू, कुठल्या वस्तीतली? मुलीने सांगितले. त्या बाईने स्वतःच्या मुलीला दुसऱ्या टोकाला नेले. असेल त्यांना तिकडची सावली हवी. आमच्या मुलीला ते कळले की नाही ठाऊक नाही, आईला कळले. आम्हाला वाटले, आता ही उद्यापासून पाठवायची नाही. दुसऱ्या दिवशी त्या धुण्याचे एक घर बुडवून स्वतः सोबत आल्या आणि तास संपेपर्यंत पायरीवर बसून राहिल्या. तिसऱ्याही दिवशी.

सव्वा महिना झाला. पोरगी आता तलावाची रुंदी न थांबता पार करते, लांबी अजून जमत नाही, मधे दम लागतो. उताणे तरंगणे तिला सगळ्यात आधी आले. बाई म्हणतात की पाण्याची भीती गेल्याची ती खूण. नदीत उतरायचे नाही ही अट आईने घातलेली आहे आणि ती आम्हालाही मान्य आहे. गोदावरी हा शिकण्याचा तलाव नव्हे, चांगल्या पोहणाऱ्यालाही वाळूचे खड्डे ओळखू येत नाहीत. मोहिमेचे म्हणाल तर भिंतीवर तिने भारताचा नकाशा लावला आहे आणि किनाऱ्यावर पेनाने बाणकोटच्या जागी एक टिंब केले आहे. तिचा धाकटा भाऊ त्याला चिखलाचा डाग समजून पुसू पाहतो, त्यावरून रोज भांडण.

राहिलो आम्ही. वय चाळिशीच्या पुढे, पोट सुटलेले, कार्यालयात खुर्चीवर बसून पाठ आखडलेली. गेल्या सोमवारपासून सकाळी सहाच्या पुरुषांच्या तासाला जातो. कठडा धरून पाय मारायचे, एवढेच चालू आहे. नाकात पाणी जाते. शेजारी दुसरी-तिसरीतली पोरे मासोळीसारखी जातात आणि "काका, हात सोडा की" म्हणून ओरडतात. अजून सोडलेला नाही.

ज्यांना मुलामुलींची नावे द्यायची असतील त्यांनी येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात द्यावीत. सोबत जन्मदाखल्याची झेरॉक्स आणि दोन फोटो आणावेत. दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांनी आधी डॉक्टरची चिठ्ठी घ्यावी. मुलींचा तास दुपारी चारचा आहे. मोठ्या बायांसाठी वेगळा तास नाही, तो मिळावा असा अर्ज आम्ही केला आहे. त्यावर सह्या हव्या आहेत. सध्या अकरा झाल्या, पहिली सही त्या मुलीच्या आईची आहे.

जयभीम.